ते पिंप तांब्याचं नव्हतं

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचली त्याच रात्री एक उत्तर लिहिलं होतं, चांगलं झणझणीत. सकाळी वाचलं आणि पुसून टाकलं. त्यात तुमच्या एकाही मुद्द्याला हात घातला नव्हता, नुसता राग होता. हे दुसरं.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मुंबईतल्या नायगावच्या बीडीडी या सरकारी चाळीतल्या माझ्या लहानपणच्या सकाळीबद्दल मी लिहिलं होतं. पाण्याच्या खळखळाटाने येणारी जाग, तांब्याचं पिंप, पाट्यावरचं वाटण, सताड उघडी दारं, जेवायला रोज पाच-सहा जास्तीची माणसं, आणि 'सगळी चाळ म्हणजे एक कुटुंब'. ताईंनी विचारलं, पहाटे पाणी भरत कोण होतं? रात्री संडासाला जायचं तर बायका कुणाला उठवत होत्या? दारं उघडी होती ती प्रेमाने, की आत मावत नव्हतं म्हणून? चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत ते कुटुंब कुठे होतं? आणि शेवटी, 'तुमच्यासारख्यांचं वाचून आमची नातवंडं म्हणतात, आजी, तुमचा काळ किती छान होता. हे लिहिणं थांबवा.'

पाण्याचं आधी. माझी आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, आता बदलापूरला असते. तिला फोन केला. लेख तिने वाचला होता, पण काही बोलली नव्हती. म्हणाली, "खळखळाटाने जाग यायची म्हणतोस ना, तो खळखळाट म्हणजे मी." चारला पाणी यायचं, साडेपाचला जायचं. मजल्यावर वीस खोल्या. हंड्यांची रांग रात्रीच लागायची, आणि कुणी आपला हंडा हळूच पुढे सरकवला की काय काय उद्धार व्हायचा, ते माझ्या लेखात नाही, कारण तेव्हा मी गोधडीत होतो. आई आजारी पडली तेव्हा आक्काची शाळा आठवीत सुटली ती सुटलीच. माझी सुटली नाही. घरात कुणी हा निर्णय घेतल्याचंही मला आठवत नाही, इतका तो सगळ्यांनी गृहीत धरलेला होता.

संडासाच्या प्रश्नावर आक्का आधी खूप हसली आणि मग म्हणाली, "ते तू लिहू नकोस." म्हणून लिहीत नाही. तुम्ही लिहिलंय तेवढं पुरेसं आहे.

सगळ्यात जास्त लाज मला जेवायला येणाऱ्या माणसांची वाटली. लेखात मी त्यांना पाहुणे म्हटलं होतं. ताई, ते पाहुणे नव्हते, खानावळीचे होते. सातारा, सांगली, रत्नागिरीकडून एकटे आलेले गिरणीतले गडी, एकेका गाळ्यात पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपायचे आणि अशा एखाद्या घरी जेवायचे. १६० चौरस फुटांची आमची खोली, आम्ही सात जण आणि वर सहा खानावळे. आई पहिल्या पाळीवाल्यांचे डबे भरायची, मग दुपारपाळीवाल्यांना वाढायची. पैसे मिळणार पगार झाल्यावर, वाण्याकडून शिधा मात्र आज हवा. मध्ये सावकार. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं. आईपर्यंत ती गोष्ट पोचेस्तोवर तिच्या पाटल्या गेल्या होत्या. मी ज्याला आईचं मोठं मन म्हटलं, तो तिचा धंदा होता. मन मोठं होतंच. पण तिला हिशेबही तोंडपाठ असायचा, कोणाचे किती खाडे, कोणाचं किती बाकी, आणि त्यावर मी एक ओळ लिहिली नाही.

स्वस्ताईबद्दलही तुम्ही टोमणा मारलात, तोही खरा आहे. स्वस्त होतं तर बहात्तर-त्र्याहत्तर साली मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्यामागे हजारो बायका लाटणी घेऊन कशाला रस्त्यावर आल्या असत्या? आमची आईही गेली होती. मला त्यातलं एवढंच आठवतं की त्या दिवशी पोळ्या शेजारून आल्या, कारण लाटणं मोर्चाला गेलं होतं. दुष्काळाचं साल, रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. त्याची भाकरी थापताना तुटायची, हेही आक्कानेच सांगितलं.

आता चौऱ्याहत्तर. इथे मला सांभाळून लिहायला हवं.

५ जानेवारी १९७४ ला वरळीच्या बीडीडी चाळींत दलित पँथर या तरुणांच्या संघटनेच्या सभेवरून दलित-सवर्ण दंगल पेटली आणि नायगावपर्यंत आली. मी तेव्हा नऊ वर्षांचा. ते दिवस मला सुट्टी म्हणून आठवतात. शाळा बंद, खिडकीपाशी जायचं नाही, वडील पाळीला गेले नाहीत, दिवसभर पत्ते. कुठली इमारत कुणाची, हे आम्हा पोरांनाही पाठ होतं. आमच्या इमारतीतून समोरच्या इमारतीत आम्ही क्रिकेटचा चेंडू आणायलासुद्धा एकटे जायचो नाही. म्हणजे 'सगळी चाळ' असं मी लिहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे एकच इमारत होती. १० जानेवारीला परळला मोर्चात भागवत जाधव हा पँथरचा कार्यकर्ता मारला गेला. वरून कुणीतरी पाटा टाकला, असं मोठी माणसं कुजबुजायची. पाट्यावरच्या वाटणावर मी दोन परिच्छेद लिहिले, ताई. त्या दोन परिच्छेदांत ही कुजबुज एकदाही वर आली नाही. ती मी विसरलो नव्हतो. लेख चांगला चालला होता, म्हणून ती दाराबाहेर ठेवली.

इतकं कबूल केल्यावर आता भांडतो.

'शेजारधर्म वगैरे काही नव्हतं, नाइलाज होता,' असं तुम्ही लिहिलंत. दारांबद्दल बरोबर. आठ महिने उकाडा असलेल्या खोलीत सात माणसं दार लावून बसणारच नाहीत. पण १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी. आमचे खानावळे एकेक करून गावी गेले, बाकी ठेवून गेले. तळमजल्याच्या दुकानदाराने वर्षभर वहीवर लिहून माल दिला. नुसता नाइलाज असता तर त्याने तिसऱ्या महिन्यात हात आखडता घेतला असता. आमच्या वहीतले शेवटचे पैसे माझ्या नोकरीतून फिटले, अठ्ठ्याऐंशी साली. कितीतरी जणांचे फिटलेच नाहीत आणि त्यावरून चाळीत कधी भांडण झाल्याचं मी ऐकलं नाही. ही आठवण गोड अजिबात नाही. वडील संपानंतर पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत, दिवसभर नुसते बसून असायचे. पण त्या वहीला मी नाइलाज म्हणणार नाही.

आणि लिहिणं थांबवण्याबद्दल. आक्काला मी विचारलं, तुला काहीच आठवावंसं वाटत नाही का? म्हणाली, नळ गेला की आम्ही तिघी जिन्यात बसायचो. ओल्या परकराने, वेण्या घालत. अर्धा तास. तेव्हा कुणाची हाक यायची नाही, कारण सगळी झोपलेली. ती बोलतच राहिली. त्या तिघींपैकी एक पुढे कुठे गेली, दुसरीने कुणाशी लग्न केलं, जिन्यातल्या कुठल्या पायरीची कड तुटली होती. चाळीस मिनिटं. मी म्हटलं, म्हणजे तुलाही आठवण येतेच की! तर म्हणे, "येते ना. पाण्याची नाही येत."

तेव्हा लेख मी काढत नाही. पाहुण्यांचा परिच्छेद बदलतो, 'सगळी चाळ' हे शब्द खोडतो, चौऱ्याहत्तरचं लिहितो. जिन्यातलं आक्का स्वतः लिहिणार आहे, तिची नात टाइप करून देईल. तुम्ही कुठल्या चाळीतल्या ते सांगितलं नाहीत, पण संडासाच्या वाटेवरच्या ज्या दिव्याचा उल्लेख केलात तो आमच्याकडेही होता आणि तोही कायम गेलेलाच असायचा. तुमचंही पाठवा, जसंच्या तसं छापतो.

फोन ठेवता ठेवता आक्का म्हणाली, बाकीचं सावकाश कर, पण पिंपाचं आजच्या आज दुरुस्त कर. ते तांब्याचं नव्हतं, पत्र्याचं होतं. तळाला गळायचं. दर रविवारी ती त्याला साबणाचा गोळा लावायची.