सर्टिफिकेटवाले दुपारी दोन वाजता कुठे असतात?

आज आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आपत्कालीन वैद्यकीय स्वयंसेवकांचं ट्रेनिंग झालं. झालं म्हणजे काय, पाहुणे उशिरा आले, मग दीपप्रज्वलन, मग शाल-श्रीफळ, मग तीन जणांचं मनोगत, आणि शिकवणाऱ्या मुलीच्या वाट्याला उरला जेमतेम पाऊण तास. हॉलभर माणसं आणि सरावाचा पुतळा एक. बिचारी जीव तोडून सांगत होती, हृदय बंद पडलं तर छातीवर दाब मिनिटाला १०० ते १२०, कमीत कमी ५ सेंटीमीटर खोल, कोपर वाकवू नका. लोकांनी चार-पाचदा दाबलं, फोटो काढला, समोसा खाल्ला, सर्टिफिकेट घेतलं.

तेही चालवून घेतलं असतं हो. पण हे सगळं सुरू असताना आमचा वॉचमन बाहेर पाहुण्यांच्या गाड्या लावत होता आणि मावशी चहाचे कप विसळत होत्या. त्यांना आत बसा म्हणायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

आणि इस्त्रीवाले काका तर यादीतच नाहीत. काका कोण ते नेरुळच्या आमच्या सेक्टरवाल्यांना माहितीये, बाकीच्यांसाठी सांगते. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या बिल्डिंगमध्ये भरदुपारी स्लॅबचा तुकडा प्लंबरच्या पायावर पडला, मांडी फाटली, रक्त थांबेना. जमलेले सगळे "बघू दे किती लागलंय" करत फडकं उचलून बघतायत, एक जण म्हणे रिक्षात घाला, एक जण पाणी पाजतोय. काका गठ्ठ्यातली कुणाचीतरी धुतलेली चादर घेऊन धावले, घडी जखमेवर ठेवली आणि दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून दाबून धरली. "कुणी उचलून बघायचं नाय" एवढंच ओरडले. १०८ ची अँब्युलन्स येईपर्यंत हात काढला नाही. गावाकडे होमगार्डमध्ये होते म्हणे, तिथे शिकलेले. प्लंबर मुलगा वाचला.

दुसऱ्या दिवशी चादरवाल्या बाई विचारत आल्या, चादरीचे पैसे कोण देणार. असो.

माझं म्हणणं साधं आहे. दुपारी दोन वाजता आज सर्टिफिकेट घेतलेली अर्धी माणसं बीकेसीला, लोअर परळला नाहीतर महापेला ऑफिसात असणार. सोसायटीत असतात वॉचमन, मावशी, इस्त्रीवाले, नाक्यावरचे रिक्षावाले, भाजीवाली. मग शिकवायचं कुणाला?

आपत्तीत धावणारी पथकं आहेत, ठाण्याचं टीडीआरएफ आहे, देशाचं एनडीआरएफ आहे, मान्य, त्यांच्याबद्दल एक शब्द वाकडा बोलणार नाही. पण ते पोचेपर्यंत जी मिनिटं जातात ती गल्लीतल्याच माणसांच्या हातात असतात ना. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याची बिल्डिंग पडली, ७४ माणसं गेली, अशा ढिगाऱ्यावर हात घालायला सगळ्यात आधी कोण धावतं? शेजारी. त्या शेजाऱ्याला निदान एवढं तर माहीत हवं की जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे, आधी गप्प पडलेल्याकडे बघ. की चालू शकणाऱ्यांना एका बाजूला काढलं की अर्धा गोंधळ कमी होतो. की ज्याचा पाय तासन्‌तास बीमखाली दबलाय त्याचा बीम घाईने उचलला तर दबलेल्या भागातलं विष रक्तात जाऊन हृदय बंद पडू शकतं, तिथे आधी डॉक्टर आणि सलाइन. यातलं एक अक्षर आज सांगून झालं नाही, कारण मनोगतं होती!!

आणि १६ एप्रिल २०२३ चं खारघर आपल्या दारातलं आहे, महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या उघड्यावरच्या कार्यक्रमात उन्हाने १४ माणसं गेली. ऊन लागून शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, अंगावर ओतायचं, काखेत, मानेला, जांघेत बर्फ लावायचा, वारा घालायचा. शिकायला दहा मिनिटं पुरतात. पण कुणाला, तर उन्हात उभं राहून काम करणाऱ्याला आधी.

आता कुणीतरी म्हणेलच की अडाणी माणसाने हात लावला आणि काही बिघडलं तर? बरं, भीती खरी आहे. अर्धवट शिकवलेला माणूस धोक्याचा, हेही खरं. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय ते रस्त्यावरच्या अपघातापुरतं, स्लॅब पडला तर त्या कलमाचा उपयोग नाही. म्हणून तर नीट शिकवा म्हणतेय. सरकारच्या आपदा मित्र योजनेत १२ दिवसांचं ट्रेनिंग असतं आणि किट मिळतं, पण १२ दिवस धंदा बंद ठेवून काका जाणार कसे? त्यांचं पोट हातावर आहे.

काकांना आज संध्याकाळी विचारलं, तुम्हाला बोलावलं असतं तर आला असता का. म्हणाले, "ताई, गिऱ्हाइकाचे कपडे कोण देणार?" हसून म्हणाले. मला हसू आलं नाही.

तर रविवारच्या मीटिंगमध्ये मी तीन गोष्टी मागणार आहे. पुढची बॅच दुपारची, भाषणं शून्य. येणाऱ्या प्रत्येक कामगाराला त्या दिवसाची मजुरी सोसायटीकडून, आणि दर सहा महिन्यांनी परत उजळणी, कारण हात विसरतात. वॉचमनच्या केबिनमध्ये बँडेज, ग्लोव्हज, कात्री, टॉर्च, आणि ते कपाट कुलपात नको. सेक्रेटरी साहेब माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, वाचत असतीलच. साहेब, फंड नाही असं सांगू नका, गणपतीच्या डेकोरेशनचा हिशोब मीच लिहिते.