सायकलचा पट्टा म्हणजे बर्फ टाकायची जागा नव्हे!

रात्रभर बर्फ पडला की पहाटे रस्ता साफ करणारी गाडी येते, मोटारींसाठी काळंभोर डांबर मोकळं करते आणि तो सगळा बर्फ थेट रस्त्याकडेला सायकलींसाठी राखलेल्या आमच्या पट्ट्यात लोटून निघून जाते. दर वेळी! दुपारी तो ढीग जरासा वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि दुसऱ्या दिवशी त्यावर दगडासारख्या टणक खाचा तयार. पुढचं चाक एकदा त्या खाचेत शिरलं की हँडल वळता वळत नाही. परवा तशीच आडवी झाले. मागच्या मोटारवाल्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून वाचले.

थंडीबद्दल माझी तक्रारच नाही. दुहेरी हातमोजे घालते, बर्फावर घसरू नये म्हणून खिळ्यांचे टायर बसवलेत, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने साखळी गंजते म्हणून रोज रात्री ती पुसून तेल देते. माझ्या हातात आहे ते सगळं करते. पण गुडघाभर ढिगाऱ्यातून सायकल काढायची कशी?

वर ऐकून घ्यायचं, 'हिवाळ्यात सायकल चालवतंच कोण?' अहो, फिनलंडमधलं औलू शहर आर्क्टिक वृत्तापासून २०० किलोमीटरही लांब नाही. तिथे भर हिवाळ्यात मुलं सायकलने शाळेत जातात, कारण तिथे सायकलच्या वाटा वेळेवर साफ होतात. इथे मात्र पट्टा आधी बुजवायचा आणि मग म्हणायचं, सायकली दिसत नाहीत. दिसणार कुठून?