‘ऑनलाइन शाळा कायदा’ झालेला नाही, पोरांचे दाखले काढू नका

परवा पाटण तालुक्यातल्या आमच्या वाडीवरून वहिनींचा फोन आला. “भावजी, शाळा बंदच होणार असंल तर पोरीचा दाखला आत्ताच काढू का? कराडला मामाकडं ठेवती तिला.” पुतणी तिसरीत आहे. शाळा चालू आहे, गुरुजी वेळेवर येतात, दुपारची खिचडी शिजते. मग हे दाखल्याचं कुठून निघालं? व्हॉट्सॲपवरून. तोच मेसेज माझ्या कामाच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या आला, भजनी मंडळाच्यासुद्धा आला. एकानेही खरं-खोटं विचारलं नाही. म्हणून हे लिहितोय.

मेसेज थोडक्यात असा: राज्याने ‘ऑनलाइन शाळा कायदा’ मंजूर केला. वीसच्या आतल्या पटाच्या झेडपी शाळा बंद होणार, मुलं घरून मोबाइलवर शिकणार. प्रत्येक मुलाला टॅब आणि खात्यावर १०,००० रुपये, त्यासाठी खालची लिंक भरा. सगळ्या शाळांना फुकट इंटरनेट. अमेरिकेत असंच चालतं, आणि कोरोनात आपणही हे करून दाखवलंय.

आधी कायद्याचं बघू. विधेयक विधिमंडळात मंजूर व्हावं लागतं, राज्यपालांची संमती लागते, राजपत्रात छापून यावं लागतं. असा कोणताही कायदा महाराष्ट्रात झालेला नाही. नुसता शासन निर्णय म्हटला तरी त्याला क्रमांक, तारीख आणि संगणक संकेतांक असतो. मेसेजमध्ये यातलं काहीच नाही, नुसते लाल रंगाचे उद्गारवाचक आहेत.

जो कायदा खरोखर आहे, तो बरोबर उलटं सांगतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलासाठी जवळपास शाळा असणं, तिला इमारत, शिक्षक आणि साहित्य देणं ही सरकारची जबाबदारी आहे, असं त्याचं कलम ८ सांगतं. मुलाचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं हेही सरकारनेच बघायचं. परिशिष्टात तर सगळं मोजून दिलंय: पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास, साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. राज्याच्या २०११ च्या नियमांत अंतर धरलंय ते प्राथमिकला एक किलोमीटर आणि उच्च प्राथमिकला तीन. ‘शाळेऐवजी मोबाइल’ अशी सोय या कायद्यात कुठेही नाही, आणि संसदेचा कायदा राज्याच्या परिपत्रकाने मोडत नसतो.

आपल्याच सातारा जिल्ह्यातलं खिरखंडी गाव आठवा. कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत आणि पुढे जंगलातून चालत मुली शाळेला जातात, ही बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये स्वतःहून दखल घेतली. कोरोना चालू होता, ऑनलाइनचा बोलबाला होता. तरी न्यायालयाने सरकारला जाब विचारला तो त्या मुलींच्या सुरक्षित वाटेबद्दल.

आता ज्याने मला सगळ्यात जास्त घोर लावलाय, ते सांगतो. हा मेसेज खोटा आहे, पण लोकांनी तो खरा मानला तर शाळा खरंच जाईल. झेडपीच्या शाळेत सगळं पटावर चालतं. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, तिच्यावर शिक्षकाचं पद ठरतं, अनुदानही पटाच्या टप्प्यांवर मिळतं. वाडीच्या शाळेतून घाबरून चार दाखले निघाले, की पट अठराचा चौदा होतो. कायदा दोन शिक्षक म्हणत असला, तरी पट घसरला की शिक्षकाचं पद धोक्यात येतं. एकच शिक्षक म्हटल्यावर आणखी दोन घरं पोरं काढतात. मग कागदावर शाळा ‘कमी पटाची’ म्हणून उभी राहते, आणि बंद करायचा विषय निघाला तर बोलायला पालकच उरत नाहीत. ज्यांची मामाकडं, आत्याकडं ठेवायची सोय आहे त्यांची पोरं कुठंतरी शिकतील. ज्यांचे आईबाप ऊसतोडीला जातात, त्यांचं काय? त्या पोरांना गरम जेवणही शाळेतच मिळतं. मोबाइलवर खिचडी येत नाही.

तथ्याचा एक कण मात्र आहे, नाइलाजाने मान्य करतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवले होते. लोकांच्या मनात भीती आहे ती तिथूनच, आणि ती उगाच नाही. डोंगरातल्या वाड्यांसाठी ती कल्पना मला आजही पटत नाही. पण तिच्यातही मुलांना गाडीने मोठ्या शाळेत न्यायचं म्हटलं होतं, घरी बसवायचं नव्हतं.

पैशाचं बघा. समग्र शिक्षा योजनेत केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के असतात. डिजिटल शिक्षणाचा पैसा त्यातून येतो तो शाळेला: सहावी ते बारावीच्या शाळेत संगणक कक्ष उभारायचा असेल तर एकदा ६.४० लाखांपर्यंत, स्मार्ट क्लासरूमला २.४० लाख. पोराच्या खात्यावर त्यातला रुपया येत नाही. आणि १०,००० चा आकडा वाचून मला खरंच चीड आली. तीस पोरांपर्यंतच्या अख्ख्या शाळेला वर्षाचं संयुक्त शाळा अनुदान मिळतं तेच १०,००० रुपये! खडू, वीजबिल, दुरुस्ती, स्वच्छता सगळं त्यात. ते एकेका मुलाला वाटणार म्हणे.

इंटरनेटचंही अर्धवट. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात भारतनेट या सरकारी योजनेतून ब्रॉडबँड देण्याची घोषणा झाली ती ग्रामीण सरकारी माध्यमिक शाळांसाठी. वाडीवरची चौथीपर्यंतची शाळा त्यात बसत नाही.

लिंक कुणीही उघडू नका. वहिनींनी आधार नंबर भरला होता, खाते नंबरही टाकला. पुढे ओटीपी मागितला, पण घरात रेंज नाही. ओटीपीसाठी मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यापर्यंत जावं लागतं, आणि फोन घेऊन दादा कामावर गेलेला. म्हणून खात्यावरचे पैसे वाचले. ज्या घरात ओटीपी यायला टेकडी चढावी लागते, त्या घरातल्या पोरीने रोज मोबाइलवर शिकायचं, असं मेसेज सांगतो. कुणी फसलं असेल तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा आणि बँकेला कळवा.

कोरोनात करून दाखवलं म्हणे. मार्च २०२० ला बंद झालेले पहिली ते चौथीचे वर्ग गावाकडे डिसेंबर २०२१ ला उघडले. ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीत देशभरातल्या गावांत दुसरीचं पुस्तक वाचता येणारी तिसरीतली मुलं २०१८ ला २७.३ टक्के होती, २०२२ ला २०.५ उरली. शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगावने ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून घरोघरचे मोबाइल-टीव्ही दीड तास बंद ठेवायला सुरुवात केली, कारण ऑनलाइन वर्गांनी पोरांच्या हातात आलेला फोन सुटत नव्हता. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड, दीक्षा ॲपवरचे व्हिडिओ चांगले आहेत. शिक्षकाने वर्गात दाखवले तर पोरं डोळे लावून बघतात.

अमेरिकेवर फार लिहीत नाही. ओहायो राज्यात सरकारी पैशावर चालणारी ‘इकॉट’ ही मोठी ऑनलाइन शाळा होती. मुलं खरोखर किती तास शिकली याचा हिशेब तिला देता आला नाही. राज्याने कोट्यवधी डॉलर परत मागितले आणि जानेवारी २०१८ मध्ये, वर्षाच्या मधेच, ती बंद पडली. हजारो मुलांना दुसरी शाळा शोधावी लागली.

वहिनींना सांगितलंय, दाखला काढायचा नाही. कुणी खरंच ‘शाळा बंद’ म्हणत आलं, तर आधी शासन निर्णयाचा क्रमांक मागा, कागद हातात घ्या. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानेच ७५ टक्के पालक असतात, निम्म्या बायका असतात. समितीची बैठक लावा, ठराव लिहून घ्या, तोच ग्रामसभेत मांडा आणि त्याची पोच घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. आणि ज्या ग्रुपवर तो मेसेज आलाय, त्याच ग्रुपवर त्याच्याखाली हे टाका.