'कमांड यशस्वी' म्हणे! मग डेटा कुठाय?

सर्व्हरवर नजर ठेवायचं काम घेणाऱ्या कंत्राटदारांची रीत ही: स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्ये साठवलेल्या तयार आज्ञा) चालवली, खाली "कमांड यशस्वी" आलं, स्क्रीनशॉट मेलला जोडला, बिल पाठवलं. झालं मॉनिटरिंग! मग जूनमध्ये सर्व्हर रांगायला लागतो, पतसंस्थेच्या काउंटरवर खातेदार खोळंबतात, आणि मोजमापांचं टेबल उघडावं तर आत एक ओळ नाही. पुण्या-मुंबईत बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या यांनी, निस्तरायचं रत्नागिरी-चिपळूणच्या माणसांनी.

अहो, एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमधला डेटा कलेक्टर सर्व्हरची मोजमापं गोळा करतो. त्यातली 'क्रिएट कलेक्शन सेट' ही प्रोसिजर सेटची, म्हणजे मोजमापांच्या गटाची, फक्त नोंद करते आणि एक आयडी देते. त्या आयडीवर काय मोजायचं ते सांगणारी 'क्रिएट कलेक्शन आयटम' चालवायची, मग गोळा करणं सुरू करणारी 'स्टार्ट कलेक्शन सेट' वेगळी. सगळं एमएसडीबी या सर्व्हरच्या स्वतःच्या कारभाराच्या डेटाबेसमध्ये. तिसरी पायरी विसरली तरी कोणी बोंबलत नाही, हेच दुखणं. आयटमची क्वेरी एक्सएमएलमध्ये जाते; तिथे 'पेक्षा लहान' चिन्ह सरळ टाकलं की ती कोसळते. ती परवडली, निदान ओरडते तरी.

एजंटचं, म्हणजे ठरल्या वेळी कामं (जॉब) चालवणाऱ्या सर्व्हिसचं काय? इन्स्टॉल करताना काही बदललं नाही तर एजंट सर्व्हिसचा स्टार्टअप मॅन्युअल राहतो. मृगाचा पाऊस लागला की लाईटचा भरवसा नाही, यूपीएसचा जीव तो केवढा! लाईट आल्यावर डेटाबेस आपसूक उठतो, एजंट आडवाच. सगळं कलेक्शन एजंटच्या जॉबवर, म्हणजे बंद. व्यवहार चालू असतात, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. सर्व्हिस ऑटोमॅटिक करायला दोन क्लिक लागतात हो, दोन!

खरा संताप कॅशचा; रोकड नव्हे, डेटाचा तात्पुरता साठा. गुहागर, दापोली, लांज्याच्या शाखांचा डेटा मुख्य कचेरीच्या वेअरहाउसमध्ये, म्हणजे सगळी मोजमापं साठवायच्या डेटाबेसमध्ये, चढवायचा, म्हणून कॅश्ड मोड ठेवतात: आधी जागेवर साठवायचं, मग ठरल्या वेळी अपलोड. बरोबर आहे. पण फसलेले किती अपलोड जपायचे ते ठरवणाऱ्या 'सेट कॅश विंडो'चा आकडा बदलला नाही तर असतो १. म्हणजे फसलेल्या एकाच अपलोडचा डेटा जपायचा, त्याआधीचा गेला. अपलोड दर १५ मिनिटांनी, आणि महामार्गाच्या खोदकामात केबल तुटली की लिंक दिवसभर गुल. काय उरणार? नेमके गोंधळाचे तासच गायब! उणे १ दिलं की फसलेलं सगळं साठतं. मात्र ते साठतं एजंटच्या खात्याच्या टेम्प फोल्डरात, म्हणजे बहुधा सी ड्राइव्हवर. तो भरला की सर्व्हरच झोपला. म्हणून आधी 'डिसेबल कलेक्टर', मग 'सेट कॅश डिरेक्टरी'ने दुसरा ड्राइव्ह, मग कॅश विंडो, शेवटी 'एनेबल कलेक्टर'. कलेक्टर चालू असताना या दोन्ही प्रोसिजर फसतात. नव्या फोल्डरावर एजंटच्या खात्याला लिहायची परवानगी नसेल तर येरे माझ्या मागल्या.

आणि कॉपी-पेस्टवाल्यांनो, आकडे तरी भरा! आयटमची फ्रिक्वेन्सी (किती वेळाने मोजायचं ते) दिली नाही तर ५ सेकंद, सेटचा डेटा ठेवायची मुदत दिली नाही तर ७३० दिवस. दिवसाला १७,२८० फेऱ्या, मुदत संपेपर्यंत १ कोटी २६ लाखांवर, आणि फेरीत वीस ओळी आल्या तर पंचवीस कोटी ओळी. शाखेच्या वेट स्टॅट्सना (सर्व्हर कशापायी किती थांबला त्या आकड्यांना) कशाला हवेत ५ सेकंद? ३०० ठेवा, मुदत १४ दिवस. डिस्कच्या वाढीला मुदत लांब ठेवा, पण फेरी सहा तासांची पुरे.

काम झालं की नाही ते एमएसडीबीतल्या 'सिसकलेक्टर एक्झिक्युशन लॉग'मध्ये दिसतं, आणि वेअरहाउसच्या 'कस्टम स्नॅपशॉट्स' स्कीमामधल्या (टेबलांच्या गटातल्या) शेवटच्या ओळीची वेळ बघून. ती वेळ आजची नसेल तर बिल परत पाठवा. वेअरहाउसमध्ये एजंटच्या खात्याला 'एमडीडब्ल्यू रायटर' ही लिहू देणारी भूमिका दिलीय का, तेही विचारा, बहुतेक वेळा उत्तर येतं, "ते तुमच्याकडचे लोक बघतील."

जुना डेटा पुसायचा जॉबही वेअरहाउसच्या सर्व्हरवरच्या एजंटच्याच भरवशावर, रोज पहाटे २ वाजता. तेव्हा लाईट असली तर!