विद्यापीठ कुणाच्या बाजूने उभं होतं?

२०२० ची पदवी म्हटली की महाराष्ट्रात आजही लगेच विचारतात, ‘म्हणजे कोरोना बॅच का?’ त्या वर्षी मी अमेरिकेत एमएस करत होतो. इथे त्या सत्रात पास झालेल्या कुणाला असा टोमणा मारलेला मी ऐकला नाही. इथल्या एमआयटी विद्यापीठाने तर त्या सत्रापुरत्या नेहमीच्या ग्रेडच बाजूला ठेवल्या. पदवीची पत तसूभरही घसरली नाही. आपल्याकडे मात्र काही कृषी पदवीधरांच्या गुणपत्रिकांवर ‘प्रमोटेड कोविड-१९’ असं छापून आलं. मुलांच्या कपाळावर शिक्काच तो!

६ जुलै २०२० हा दिवस मी विसरणार नाही. त्याच दिवशी यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, अंतिम वर्षाच्या परीक्षा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यायलाच हव्यात असं बजावलं, आणि इथल्या इमिग्रेशन खात्याने जाहीर केलं की ज्यांचे सगळे वर्ग ऑनलाइन आहेत त्या परदेशी विद्यार्थ्यांना इथे राहता येणार नाही. भारताची नेहमीची विमानसेवा तेव्हा बंद होती. जायचं कुठे आणि कसं? पण दोनच दिवसांत हार्वर्ड आणि एमआयटी सरकारविरुद्ध कोर्टात गेल्या आणि १४ जुलैला तो नियम मागे घेतला गेला.

आपल्याकडे राज्य सरकार परीक्षा नको म्हणत होतं, राज्यपाल आणि यूजीसी हव्यात म्हणत होते. परीक्षा घ्याव्याच लागतील, हा सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला २८ ऑगस्टला. तोवर मुलं बातम्यांवर डोळे लावून बसली. ‘आमच्या मुलांची परिस्थिती अशी आहे’ असं सरकारला आणि यूजीसीला ठणकावणारं एकही विद्यापीठ मला दिसलं नाही.

इथलं सगळं चांगलं होतं असं मुळीच नाही. मार्चमध्ये हार्वर्डने पदवीच्या मुलांना पाच दिवसांत खोल्या सोडायला सांगितलं होतं. आमच्याही हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये खोक्यांचे ढीग लागले. राहायचं असेल तर घरी का जाता येत नाही, हे अर्जात लिहून द्यावं लागलं. घराची आठवण दाबून ते लिहिताना फार परकं वाटलं. पण निदान कुणीतरी विचारलं होतं.

आजऱ्याकडच्या माझ्या मामेबहिणीला तेही कुणी विचारलं नाही. ऑक्टोबरमध्ये तिची बी.कॉम.ची शेवटची परीक्षा ऑनलाइन झाली. घरात मोबाईल एकच, त्यावर धाकट्याची शाळा. रेंज फक्त मराठी शाळेच्या व्हरांड्यात. तिथे बसून तिने पेपर सोडवला, सबमिट दाबलं आणि स्क्रीनवर गोल फिरत राहिलं. हेल्पलाइन सतत बिझी. पुढे तिची परीक्षा पुन्हा घेतली गेली, पण मधले दिवस ती धड जेवली नाही.

परीक्षा हव्यात की नकोत यावर आपण महिनोन्‌महिने भांडलो. किती मुलांकडे स्वतःचा फोन आहे, कुठल्या गावात रेंज येते, हे विचारायला कुठल्याही विद्यापीठाला दिल्लीची परवानगी लागत नव्हती. प्रत्येक कॉलेजकडे मुलांचे नंबर होते.