कुरोड्या कोणाच्या भरवशावर?

नागपुरात मे महिन्यात हवामानाचं ॲप कशाला लागतं, हा प्रश्न बाहेरगावच्या माणसालाच पडेल. ऊन आहे हे सांगायला ॲप नको, गेटच्या कडीला हात लावला की कळतं. ॲप लागतं ते गच्चीवरच्या कुरोड्यांसाठी. दुपारभर 43 अंश, आणि साडेचारला अचानक वावटळ, धूळ आणि टपोरे थेंब!

म्हणून फोनात ॲपांची गर्दी झाली. एक म्हणतं ‘निरभ्र’, दुसरं ‘गडगडाट’, तिसऱ्यात ढगाआडून सूर्य डोकावतो, म्हणजे काहीही झालं तरी त्याचंच खरं. तसा त्यांचाही नाइलाज आहे म्हणा. अंदाज बांधणारं अमेरिकेचं संगणकी मॉडेल ‘जीएफएस’ साधारण 13 किलोमीटरचा चौकोन धरून हिशेब करतं, युरोपचं 9 चा. आमचा वळवाचा ढग मात्र मानकापुरात धो धो कोसळतो आणि शहरातल्याच महाल भागात नुसती धूळ उडवून जातो.

त्यात ती टक्केवारी. “पावसाची शक्यता 40 टक्के,” मी वाचून दाखवलं. आई चिकाचं पातेलं घेऊन जिन्यात उभी.

“म्हणजे घालू का नको?”

“अशा हवेत दहापैकी चारदा पाऊस येतो, असा अर्थ आहे त्याचा.”

“पाव्हणे जेवाले येतीन का म्हणून विचारलं, तर चाळीस टक्के सांगशीन का रे? किती पोळ्या टाकू मंग?”

आकड्यांचं आमचं प्रेमही विचित्र. मे 2024 मध्ये शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले. सेन्सर बिघडला होता, हे हवामान खात्यानं सांगेपर्यंत पुण्याच्या नातेवाइकांना स्क्रीनशॉट पोचलेही होते. आमचे 23 मे 2013 चे 47.9 अंश अस्सल आहेत, पण 56 काही कोणाच्याने सोडवत नाहीत.

शेवटी इशाऱ्यांसाठी सरकारी ‘मौसम’ ठेवलं आणि कडाडणाऱ्या विजेसाठी ‘दामिनी’. पुढच्या तासाभरासाठी रडारचं चित्र बघतो. ढग कुठून कुठे सरकतोय ते दिसतं, टक्क्यांचा घोळ नाही. बाकीची काढायला बसलो, तर बाबा कूलरसमोरून म्हणाले, “ते रोज गडगडाट दाखवणारं राहू दे बाप्पा. या महिन्यात लग्नं लई आहेत. नाही म्हणाले काही तरी कारण लागते ना.”