‘गाइडछाप’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

दारूमुळे होणाऱ्या यकृतविकारात रक्तातील एएसटी आणि एएलटी या यकृतातील विकरांचे (एन्झाइमांचे) गुणोत्तर बहुधा २:१ किंवा त्याहून अधिक असते, असे सांगणाऱ्या माझ्या उजळणी-लेखाखाली आपण लिहिले आहे : ‘२:१ घोकायला लावणारा हा गाइडछाप लेख आहे, अशाने परीक्षा निघतात, डॉक्टर घडत नाहीत. इतर कारणांच्या सिरोसिसमध्येही हे गुणोत्तर उलटते. मॅड्रेच्या सूत्रात बिलिरुबिनचे एकक नाही, लिल स्कोअर नाही, आहार नाही.’ मतभेदाला माझी ना नाही. परंतु टोपणनावाआडून शेरा मारण्याऐवजी लेखात नेमके काय घोकायला लावले आहे हे आपण दाखवले असते, तर उत्तर देणे मलाही सोपे गेले असते.

एककाचा मुद्दा रास्त आहे. दारूजन्य यकृतदाहाची तीव्रता मोजणाऱ्या मॅड्रेच्या सूत्रात रुग्णाच्या आणि कंट्रोलच्या (निरोगी नमुन्याच्या) प्रोथ्रॉम्बिन टाइममधला, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेतला, फरक ४.६ ने गुणून त्यात बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारे रंगद्रव्य, मिळवायचे असते आणि उत्तर ३२ किंवा त्याहून अधिक आले की आजार तीव्र समजतात. हे बिलिरुबिन मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये हवे. ते मायक्रोमोलमध्ये दिलेले असेल, तर आधी १७ ने भागावे लागते. तेवढी भर घातली आहे.

आता ‘घोकणे’. लेखात २:१ च्या लगेच खाली कारण दिले आहे, पण तिथवर आपण पोहोचला नसावात. एएलटीला काम करण्यासाठी पायरिडॉक्सल फॉस्फेट, म्हणजे ब-६ जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप, लागते आणि वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या शरीरात नेमका त्याचाच तुटवडा असतो. त्यामुळे यकृताच्या पेशी मरत असल्या तरी एएलटी अपेक्षेइतका चढत नाही. उलट एएसटीचा मोठा वाटा मायटोकॉन्ड्रियात असतो आणि दारूपासून तयार होणारे ॲसिटाल्डिहाइड त्याच मायटोकॉन्ड्रियाला इजा करते, म्हणून एएसटी रक्तात अधिक उतरतो. तरीही एएसटी सहसा ३०० च्या आत राहतो. म्हणूनच हजारांतला आकडा दिसल्यावर ‘पितो, मग यकृत जाणारच’ असे म्हणून केस पेपर मिटू नये, पॅरासिटामॉल आणि विषाणूजन्य हिपॅटायटिस यांचा शोध घ्यावा, असेही मी तिथेच लिहिले आहे. नित्य पिणाऱ्यात पॅरासिटामॉलपासून विषारी घटक तयार करणारे सीवायपी २ई१ हे विकर वाढलेले आणि तो घटक निष्प्रभ करणारे ग्लुटाथायोन घटलेले असल्याने पॅरासिटामॉल त्याला लवकर बाधू शकते. यात घोकण्याजोगे काय आहे, ते मला अजून उमगलेले नाही.

आपण कोणत्या वॉर्डात शिकलात, हे मला ठाऊक नाही. मी नागपुरात मेडिसिनच्या वॉर्डात रात्री काढल्या आहेत. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तिकडून कावीळ झालेला, पोटात पाणी भरलेला माणूस येई आणि ‘दारू नाही घेत जी’ असे तो व त्याची बायको दोघेही शांतपणे सांगत. बंदी असलेल्या जिल्ह्यातला माणूस, म्हणून विषय तिथेच संपवण्याचा मोह होई. रिपोर्टवरचे गुणोत्तर पाहून पुन्हा, जरा वेगळ्या शब्दांत विचारले की मग मोहाची निघे. ती त्यांच्या हिशेबी दारू नव्हतीच. तो प्रश्न दुसऱ्यांदा विचारायला मला ज्या आकड्याने भाग पाडले, त्याला कोणी खुर्चीत बसून ‘गाइडछाप’ म्हणावे, हे मला लागले आणि ते लपवण्याचे कारण मला दिसत नाही.

इतर कारणांच्या सिरोसिसमध्ये गुणोत्तर १ च्या वर जाते, हे खरे. २ च्या वर जाणे तितके नेहमीचे नाही. त्यावर अधिक लिहिण्याची गरज वाटत नाही.

लिल स्कोअर, म्हणजे स्टेरॉइडचा उपयोग होत आहे की नाही हे सांगणारा आकडा, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केल्यावर सातव्या दिवशी मोजतात आणि तो ०.४५ च्या वर असल्यास औषध थांबवतात, हे एक वाक्य आज लेखात घातले आहे. आहारावर लिहायचे की नाही, आणि कधी, हे मी ठरवीन.